फाडायच्या तासाची बादली

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, ठाऊक आहे मला. बुडाला पोचा, काठाला गंज, पोटात वाळलेल्या रंगांचे डाग. मी पत्र्याची एक म्हातारी बादली. माझी उभी हयात मुलांना कला शिकवण्यात गेली. हसू नका! शिकवलं बाईंनी हे खरं, पण भिजले मी.

कारखान्यात सपाट पत्रा गोल वळला, बूड बसलं, कडी अडकली आणि झाले मी बादली. शाळेची इमारत बांधायला आलेल्या गवंड्यांनी मला आणलं आणि काम संपल्यावर तिथेच विसरून गेले. शिपाईमामांनी मला फरशी पुसायला घेतलं. मोरीच्या कोपऱ्यातच माझा जन्म गेला असता, पण चित्रकलेच्या बाईंची नजर माझ्यावर पडली.

"मामा, ही मला द्या."

"आणि फरशी कशानं पुसू? तुमच्या ब्रशानं?"

"मुलांकडून पुसून घेते मी."

"म्हणजे झालंच कल्याण! त्यांच्या मागून पुन्हा मीच पुसायची," असं पुटपुटत मामांनी मला देऊन टाकलं.

बाई दोन शाळांत शिकवायच्या. आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस यायच्या, पण त्या दोन दिवसांवर मुलं जीव टाकायची. नवं सामान मागून मिळायचं नाही, म्हणून बाईंनी एक पद्धत पाडली होती. मुलांची चित्रं वर्षभर कपाटात साठायची आणि नवं वर्ष सुरू झालं की यायचा फाडायचा तास. बाई गठ्ठा उंच धरून विचारायच्या, "कुणाचं काही ठेवायचंय? आत्ताच घ्या, नंतर रडायचं नाही." ज्याला हवं तो आपलं चित्र काढून घ्यायचा. बाकीची सगळे मिळून फाडायचे. कपटे माझ्यात पडायचे, त्यावर कोमट पाणी. मग कोपरापर्यंत हात घालून मुलं लगदा मळायची.

"बाई, ही मुद्दाम शिंतोडे उडवते!"

"बाई, माझी अंगठी आत गेली!"

"तू अंगठी घालून आलासच कशाला, नवरदेवा?"

पुढच्या तासाला लगद्यात खळ पडायची आणि त्याचे मुखवटे, वाडगे, पक्षी व्हायचे. शाळेत आलेले पाहुणे त्यांची वाहवा करायचे. माझी कुणी केली नाही. पण पक्षी उडाले कुठून, हे मला माहीत होतं.

मोठ्या वर्गात एक मुलगी होती. एका दमात सगळं सांगून टाकायची, म्हणून पोरांनी तिचं नाव 'आगगाडी' ठेवलं होतं. तिचा धाकटा भाऊ पहिलीत होता. त्याचं चित्र कधी कागदात मावायचं नाही.

"अरे राजा, या माणसाचे पाय कुठे गेले?" बाई विचारायच्या.

"बाकावर आहेत, बाई."

आणि खरंच, खडूनं काढलेले पाय बाकावर असायचे.

वर्षाच्या मध्येच तो यायचा थांबला. आजारी आहे, एवढंच बाईंच्या कानावर आलं. सुट्टी लागली, सुट्टी संपली. नव्या वर्षी बाईंनी नेहमीसारखा गठ्ठा उंच धरला. त्या लहानग्याची चित्रंही त्यातच होती. ती मागून घेईल अशी एकच मुलगी, त्याची बहीण, आणि ती त्या दिवशी शाळेत नव्हती. का नाही, हे कुणी विचारलं नाही. चर्र चर्र कागद फाटले.

पुढच्या तासाला बाई माझ्यात खळ ओतत होत्या, तेव्हा आगगाडी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आईनं त्याची चित्रं मागितली आहेत."

"अगं, ती तर फाडली आपण. त्याला म्हणावं, नवीन काढ. बरा झाला का तो?"

"नाही बाई. तो गेला."

बाईंच्या हातातलं भांडं तिरकं झालं आणि खळ माझ्या काठावरून जमिनीवर ओघळत राहिली.

"घरी... घरी एकही नाही का गं?"

"घरी तो भिंतीवर काढायचा. दवाखान्यातून येणार म्हणून बाबांनी भिंती रंगवून घेतल्या. डॉक्टर म्हणाले होते, खोली स्वच्छ हवी."

बाईंनी बाह्यासुद्धा वर न करता माझ्यात हात घातले. बुडापर्यंत चाचपलं. एखादा रंग, एखादी रेघ. हाताला लागला तो नुसता करडा लगदा.

दुपारी आई आली.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "काय बोलायचं ते बोला मला."

आई माझ्याकडे बघत राहिली. "यातच आहेत?"

"हो. पण सगळ्यांची एकत्र झालीत."

"मग ही बादली नेते मी."

मामांनी मला तिच्या दारापर्यंत पोचवलं. वाटेत त्यांनी एकदाही थट्टा केली नाही.

त्या खोलीत नव्या रंगाचा वास होता. आईनं माझ्यावर ताटली झाकली आणि मला कोपऱ्यात ठेवलं. ना स्वतः हात लावायची, ना कुणाला लावू द्यायची. आत लगदा आंबत चालला.

"वास सुटलाय गं," बाबा हळूच म्हणाले. "टाकून येऊ का?"

"हात तर लावून बघा!" आई कडाडली.

बाबा बाहेर जाऊन बसले. मग मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली.

"आई, खळ पडली की लगदा फार टिकत नाही. आज केलं नाही, तर उद्या बाबांचं ऐकावं लागेल."

"मी काय करू त्याचं? मला त्याचं चित्र हवं होतं."

"आधी पाणी पिळायचं. जोरात नाही. असं."

बऱ्याच वेळानं आईनं हात घातला.

"यात त्याचं किती असेल गं?"

"सगळ्यात थोडं थोडं."

मुलीनं एक वाडगा पालथा घातला, त्यावर ओलं फडकं पसरलं. "आता वर थापायचं. कडेकडेनं दाबत ये. भेग दिसली की बोट ओलं कर." बाई वर्गात बोलायच्या तशीच ती बोलत होती. आईचे हात मध्येच थांबायचे. मग मुलगी तिची मनगटं धरून पुन्हा लगद्यात घालायची. माझ्या पोटात चार हात होते.

वाडगा खिडकीत वाळला. एका बाजूला कलला, काठाला चीर गेली. बाई भेटायला आल्या तेव्हा चाचरत म्हणाल्या, "रंग देऊ या का याला?"

"नको," आई म्हणाली. "आमच्याकडे रंग खूप झाला."

तो वाडगा आता फळीवर असतो. त्यात कुणी काही ठेवत नाही. जेवताना आई फळीकडे पाठ करून बसते, आणि बाबांनी तो जरा सरकवला, तर न बघता तिला कळतं.

मला शाळेत परत नेलं नाही. मी इथेच मागच्या दाराशी असते. बूड गळतं, पाणी राहत नाही. मित्रांनो, जुन्या कागदांचा लगदा करू नका, असं मी म्हणणार नाही. जरूर करा, कोपरापर्यंत हात घालून करा. फक्त पहिला कागद फाडण्याआधी विचारा, आज कोण आलं नाही? त्याचा कागद बाजूला ठेवा आणि त्याच्या घरी जाऊन या. माझ्यात पडलेलं मला परत देता येत नाही.