लंडीनच्या जागी ओटिस

आयोवातल्या आमच्या कॉलेजात एकवीस वर्षं एकच कोच होता, हार्लन व्हॉइट. पानगळीत आमचा अमेरिकन, धडकांचा फुटबॉल शिकवायचा, वसंतात बेसबॉल. जीव त्याचा बेसबॉलमध्ये, पण गावाला हवा फुटबॉल. बेसबॉलच्या सामन्याला अंपायरची बायको आली तरी आम्हाला गर्दी वाटायची.

१९३७ साली विश्वस्तांचे अध्यक्ष प्रूइट सरावाच्या मैदानावर आले. धान्याची कोठारं त्यांची, त्यामुळे आवाजही मोठा. सगळ्यांदेखत म्हणाले, "व्हॉइट, डेल्व्हिल कॉलेजकडून तीन वर्षं मार खाल्लात. शनिवारी पुन्हा हरलात तर गाशा गुंडाळा."

ते गेल्यावर कोच मला म्हणाला, "एल्डन, एवढा एक वसंत मिळू दे रे मला. चार वर्षं खपून बेसबॉलचा संघ उभा केलाय. असा पुन्हा व्हायचा नाही."

मी त्याचा सहायक. मी मान हलवली. आदल्याच दिवशी प्रूइटनी मला घरी बोलावून भाजलेलं बदक खाऊ घातलं होतं आणि 'वेळ आली तर तू आहेसच' म्हणाले होते. ते मी पोटातच ठेवलं.

शनिवारी चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागात आम्ही नऊ-सात असे पुढे होतो. चार मिनिटं उरली होती. बाकावर ओटिस ब्रेमर बसला होता. चार वर्षं या पोराने सरावात फक्त धडका सोसल्या, सामना एकही खेळला नाही. आमच्याकडे रीत अशी, की शेवटच्या वर्षाच्या पोराला घरच्या शेवटच्या सामन्यात थोडा वेळ तरी उतरवायचं. त्याशिवाय स्वेटरवर लावायचं कॉलेजचं अक्षर मिळत नाही. ओटिसची आई शेतावरची कामं टाकून आली होती.

"कोणाला काढू?" कोचने विचारलं.

"लंडीनला. पार दमलाय तो."

"अरे, किक तोच मारतो."

"आता किक कशाला लागतेय, कोच? पुढे आहोत आपण."

बाहेर काढलेला गडी त्याच भागात परत येऊ शकत नाही, असा तेव्हा नियम होता. आम्हा दोघांनाही तो पाठ होता. तरी लंडीन बाहेर आला आणि ओटिस आत गेला.

दोन मिनिटांत डेल्व्हिलने किक मारून तीन गुण घेतले. नऊ-दहा. आमची पोरं जिवाच्या आकांताने त्यांच्या गोलसमोर पोचली. आता एक सोपी किक, की सामना आमचा. लंडीन कोचच्या शेजारी उभा राहून रडत होता. "कोच, जाऊ द्या ना मला!"

दुसऱ्याच कोणी तरी किक मारली. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला.

सोमवारी प्रूइटनी आम्हा दोघांना बोलावलं. "किक मारणाऱ्यालाच बाहेर बसवायची अक्कल कोणाची?"

"माझी," कोच म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोललो. लंडीनचं नाव मी मुद्दाम सुचवलं का? शपथेवर सांगतो, नाही. पण गप्प बसलो ते मुद्दाम. पुढच्याच आठवड्यात कोचची जागा मला मिळाली, आणि तो बेसबॉलचा संघही.

त्या संघाने मेमध्ये अंतिम सामना गाठला. यात माझं कर्तृत्व काय? आयत्या बिळावर नागोबा. व्हॉइट तिकीट काढून आला आणि तिसऱ्या बेसमागे, लोकांत बसला. मी त्याच्या पुढेच उभा होतो. कोचने तिथून टोपीला, कानाला, पट्ट्याला हात लावून पोरांना पुढची चाल खुणांनी सांगायची असते.

मी खुणा करत होतो, पण बॅट घेतलेलं पोर माझ्या खांद्यावरून मागे, व्हॉइटच्या हातांकडे बघत होतं. त्याच्या नंतरचंही तसंच.

"इकडे बघ, गाढवा!" मी ओरडलो.

व्हॉइटच्या लक्षात आलं. ऊन एवढं, की लोक कोट काढून बसले होते. त्याने मात्र कोट चढवला आणि दोन्ही हात खिशात घातले. मग पोरं माझ्याकडे बघायला लागली.

आम्ही जिंकलो. आमच्या प्रत्येक धावेला सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. त्याने खिशातून हात काढले नाहीत. पोरांना अजिंक्यपद मिळावं म्हणून तो माणूस स्वतःच्या पोरांसाठी टाळीही वाजवू शकला नाही. ढालीवर नाव माझं कोरलंय.