दस्तगीरच्या बंबाची वाफ

दस्तगीरचा जगात एकाच गोष्टीवर भरवसा होता, आणि ती म्हणजे वाफ. इचलकरंजीत सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्यात त्याने तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. सर्दी झाली, घे वाफ. गुडघा धरला, दे वाफ. रिटायर होऊन तो कोल्हापुरात राहायला आला, पण त्याचं डोकं अजून बॉयलरपाशीच होतं.

त्यात त्र्याहत्तर सालच्या थंडीत लेक नजीरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि सातव्याच महिन्यात मोकळी झाली. मुलगी झाली. वजन जेमतेम दीड किलो. महिनाभर दवाखान्यात ठेवल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रविवारी घरी सोडीन. पण आधी मी स्वतः घर बघणार. पोर नाजूक आहे, तिला जंतू सोसायचे नाहीत."

"जंतू मरत्यात कशानं?" दस्तगीरने विचारलं.

"उकळत्या पाण्याने. वाफेने."

झालं! बाईंनी फिनेल म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. दस्तगीर दवाखान्याच्या पायऱ्या उतरला तो जवळजवळ नाचतच.

रविवारी सकाळीच त्याने अंघोळीचा तांब्याचा बंब अंगणात ओढला. पाणी ओतायच्या तोंडात रबरी नळी बसवली आणि भोवती दम बिर्याणीच्या हंडीला लावतात तशी कणीक थापली.

"अवो, ती चपात्याची कणीक हाय!" त्याची बायको चाँदबी ओरडली.

"चपात्या रोज खातीस की. नात रोज येती व्हय?"

आवाज ऐकून शेजारच्या अक्काताई बाहेर आल्या. जैनाची बाई. पाणी गाळल्याशिवाय प्यायची नाही, मुंगी बघून पाऊल टाकायची. लेक जिनपाल नेसरीला दुकान काढून बसलेला, घरात ही एकटी. त्यांनी बंब पाहिला, नळी पाहिली.

"काय करालाय हे, दस्तगीरभाई?"

"जंतू माराय लागलोय."

"जंतू म्हंजे जीवच की वो!"

"व्हय. पण लई बारीक."

"बारीक असला म्हणून काय जीव न्हाय?"

दस्तगीरने नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "माझ्या नातीचा जीव बी बारीकच हाय, अक्काताई. जन्मली तवा दीड किलोचा."

अक्काताई तडक आत गेल्या. दस्तगीरला वाटलं, रागावल्या. त्या परत आल्या तेव्हा हातात लाकडांची मोळी होती. "घ्या. पण दिसणाऱ्या जिवास्नी आधी वाट द्यायची. मी नऊ येळा णमोकार म्हणतो, तवर नळी उचलायची न्हाय."

तसं ठरलं. अक्काताईंचा जप नऊ वेळा पुरा व्हायचा, दस्तगीर "वाफ सोडतोय, सरकाऽऽ!" अशी सायझिंगमधली आरोळी ठोकायचा आणि मग फुस्स! मुंग्या, झुरळं, पाली, ज्याला जी वाट मिळेल तिने पळाली. बाहेर कोंबड्यांनी झुरळांचं काय केलं ते अक्काताईंनी पाहिलं नाही, कारण त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

पाळणा झाला, पलंग झाला, फळ्या झाल्या. आता थांबायचं की नाही? पण दस्तगीरला वाफ चढली होती. आरसा, कपाट, कॅलेंडर, रेडिओ, छताची तुळई! वाफेच्या ढगात चाँदबी "अवो, कुठं हायसा?" म्हणून हाका मारत फिरत होती आणि हसून हसून तिचे डोळे गळत होते. दस्तगीर तर गाणंच म्हणत होता.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. दारातच त्यांच्या चष्म्यावर धुकं आलं. पुसून पाहतात तर भिंतींचे पोपडे लोंबताहेत आणि फरशीवर तळं साचलंय.

"जंतू एक न्हाय बगा!" दस्तगीर छाती फुगवून म्हणाला.

"जंतू नाहीत, पण ही ओल? या गारठ्यात पोरीला न्युमोनिया होईल. आठ दिवस तरी इथे आणायची नाही."

नातीला स्वतःच्या हाताने बाहेर ठेवलं म्हणून दस्तगीर सगळ्यांदेखत रडला. चाँदबीचं हसूही कुठल्या कुठे गेलं.

"बाई," अक्काताई म्हणाल्या, "माझं घर बघा."

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. खडखडीत कोरडं, चकचकीत, झाकलेलं पाणी, स्वच्छ ऊन. त्यांनी मान डोलावली.

"पण बाळंतिणीला बोकडाच्या पायाचं सूप लागतंय," चाँदबी चाचरत म्हणाली.

"ते तिनं तुमच्याकडं जाऊन प्यायचं. पोर माझ्याकडं."

संध्याकाळी नजीरा आणि पोर अक्काताईंच्या घरी आली. दस्तगीरने गार पाण्याने अंघोळ केल्यावरच अक्काताईंनी त्याला उंबरा ओलांडू दिला. कुडकुडतच त्याने नात हातांत घेतली आणि तो हसला की रडला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

आठ दिवसांनी दस्तगीर पोरीला न्यायला गेला, तेव्हा अक्काताई आधी त्याच्या घरची भिंत बघायला निघाल्या. हात फिरवला, बोट दाबलं. भिंत पार वाळून खडखडीत झाली होती. अक्काताईंनी खाली बघत म्हटलं, "अजून ओल हाय."

दस्तगीरने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानेही भिंतीला हात लावला. वाफ आणि ओल त्याच्याइतकी कोल्हापुरात कुणाला कळत होती?

"व्हय की, अक्काताई," तो म्हणाला, "लई ओल हाय. अजून म्हैनाभर तरी जाईल."