दोन माणसं बोलाव

बंगळूरच्या शिवाजीनगरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे श्रीधरराव, सगळ्यांचे अण्णा. त्यांची शिलाई पक्की आणि जीभ कात्रीसारखी. त्या कात्रीखाली त्यांची धाकटी विधवा बहीण सगुणाबाई छत्तीस वर्षं राबली. खाली दुकान, वर घर, आणि घरातल्या लोखंडी पेटीत अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं मृत्युपत्र.

"घर तुझ्या नावानं लिहिलंय, सगुणे," अण्णा म्हणत. आणि सारात मीठ जास्त झालं की, "आण गं तो कागद. नाव खोडायचंय."

दसऱ्याला मशिनीची, कात्रीची पूजा झाली की ते कागद काढून मशिनीवर ठेवत, हळदकुंकू वाहत आणि बहिणीला समोर उभी करून विचारत, "यंदा कशी वागलीस?"

ती हात जोडून उभी राही. कागदावर काय आहे, तिला कुठं वाचता येत होतं?

अण्णांचा एकुलता मुलगा सुनीलकुमार व्हाइटफील्डला राही. त्याची मुलगी रक्षिता शाळेत हिंदी शिकलेली, म्हणून तिला देवनागरी यायची. तिनं मराठी कॅलेंडरवर बोट ठेवून आत्याआजीला अक्षरं शिकवली. बासष्टाव्या वर्षी! एका दुपारी अण्णांचा डोळा लागल्यावर सगुणाबाईनं उशाखालची किल्ली काढली आणि एकेक अक्षर लावत गेली. 'माझे राहते घर व दुकान माझी बहीण सगुणा हिला...' खाली अण्णांची सही. तोंडात पदर कोंबून ती रडली.

त्या दिवसापासून तिची मान ताठ झाली. श्रावणात अण्णांना झटका आला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि पारडं फिरलं.

ते पाणी मागत तेव्हा ती म्हणे, "स्वल्प थांबा, अण्णा. मी छत्तीस वर्षं थांबले." ओली चादर बदलायला ती दुपार करी. एकदा तर खाटेसमोर उभी राहून म्हणाली, "यंदा कसे वागलात?"

अण्णा रागावले नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं वर करून म्हणाले, "दोन माणसं... बोलाव. पद्मनाभला... कागद..."

पद्मनाभ म्हणजे समोरचा बटणं-दोऱ्याचा दुकानदार.

सगुणाबाईनं पेटीवर हात ठेवला. "खोडायचंय ना? माणसांसमोर खोडायचंय? नाही बोलावत, जा!"

अण्णांनी नाही-नाही म्हणून मान हलवली, तोंडातून नुसती लाळ आली. तिनं किल्ली कमरेला खोवली, दाराला आतून कडी घातली. पद्मनाभ दोनदा वर आला. "झोपलेत," म्हणून तिनं त्याला जिन्यावरूनच परत धाडला. अकरा दिवस अण्णा दोन बोटं दाखवत राहिले. बाराव्या दिवशी बोटं तशीच राहिली आणि अण्णा गेले.

तेरावं झाल्यावर सुनीलकुमार एका वकीलबाईंना घेऊन आला. सगुणाबाईनं आपण होऊन पेटी उघडली आणि सगळ्यांसमोर कागद मोठ्यानं वाचला, कुठंही न अडखळता. रक्षितानं टाळ्या वाजवल्या.

वकीलबाईंनी कागद उलटून पाहिला. "साक्षीदारांच्या सह्या कुठायत?"

"अण्णांची आहे की."

"अक्का, साधा कागद चालतो. रजिस्टर केलं नाही तरी चालतं. पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. त्याशिवाय हे मृत्युपत्रच नाही. घर मुलाकडे जाणार."

दारात उभा असलेला पद्मनाभ हळूच म्हणाला, "अण्णा उगादीलाच, पाडव्यालाच बोलले होते मला. सगुणीचं पक्कं करायचंय, तू आणि शेजारचा मालोजी सही करा, बोलावणं धाडतो म्हणून. आम्ही वाटच बघत होतो, अक्का."

कमरेची किल्ली सगुणाबाईला एकदम टोचायला लागली. सुनीलकुमारनं हात पुढं केला. तिनं ती काढून दिली.

"सरी, ठीक आहे, आत्या. घाई नाही," तो मऊ आवाजात म्हणाला. "दसरा पंधरा दिवसांवर आलाय. मशिनीची पूजा कशी करायची, तुलाच माहितीय. तेवढी करून मग जा."