पुढची ओळ

"बोट ठेव त्या शब्दावर, नाहीतर पळून जाईल," प्रिन्स म्हणाला.

"पळायचं तू मला शिकवू नकोस," केझाया म्हणाली. "मालकाकडून तीनदा पळालास आणि तिन्ही वेळा कान धरून आणला तुला."

वर्गात हशा पिकला. अर्कान्सासच्या त्या गावात गुलामी संपून चार वर्षं झाली होती. दिवसभर कापूस वेचून आलेली मोठी माणसं संध्याकाळी पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत. केझाया शाळेतले कपडे धुवायची. साठी उलटली होती, आणि जीभ अजून तिखट होती.

शिकवणारी टॅसी मेंडेनहॉल मात्र आज हसली नाही. ती इंडियानाहून आलेली, क्वेकर पंथाची. ही मंडळी न्यायाधीशालाही 'तू' म्हणत आणि धोबिणीलाही. त्यांच्या प्रार्थनेत पाद्री नाही, गाणं नाही. आतून हाक आली तर उठून बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. "इतकी गप्प माणसं मी फक्त कबरस्तानात पाहिलीत," असं प्रिन्स म्हणे. केझायाला मात्र ती शांतता आवडली. जन्मभर डोक्यावर कुणीतरी ओरडतच होतं. गेल्या वर्षी ती त्यांच्यात रीतसर सामील झाली होती.

वर्ग सुटल्यावर टॅसीनं तिला थांबवलं. "रविवारी शाळा चालवणाऱ्या समितीचा एलिहू येतोय. संध्याकाळचा वर्ग बंद करायचा विचार आहे. शिकवणारे कमी, म्हणून सगळी ताकद मुलांवर लावायची म्हणतात."

केझायाच्या जुन्या मालकाकडचा पाद्री दर रविवारी धर्मग्रंथातलं एकच पान वाचायचा: गुलामांनो, मालकाचं ऐका. त्याचं बोट पानाच्या मध्यावर थांबायचं आणि पुस्तक मिटायचं. बोट थांबलं तरी छपाई पुढे चालूच आहे, हे केझायानं पाहून ठेवलं होतं. वर्गात आली त्या पहिल्याच दिवशी ती टॅसीला म्हणाली होती, "त्याच्या पुढं काय आहे ते मला सांगू नकोस. माझ्या डोळ्यांनी वाचणार मी." आता कुठे मोठे शब्द फुटायला लागले होते, आणि ही माणसं वर्गच बंद करायला निघाली होती.

"तू भांड की त्याच्याशी."

"मी बोलले. पण मी पगारी. स्वतःची नोकरी वाचवते असं वाटतं त्यांना."

"मग हात वर करायला लाव सगळ्यांना."

"आमच्यात हात मोजत नाहीत, केझाया. सगळ्यांचं मन एक झालं तरच ठरतं. एका सभासदाचं मन मानत नसेल तरी थांबतात."

"कुणाचंही? माझ्यासारखीचंसुद्धा?"

"हो. तुला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. बोलायचं ते पुढच्या बाकावरच्या गोऱ्यांनी, असंच ती समजून चालली होती. वर्षभर ती तोंड मिटून बसली, आणि ते समजले की बाई समाधानी आहे.

रविवारी प्रार्थना संपली. एलिहूनं टेबलाशी बसून टाक उचलला. माणूस भला होता, पण घाईत होता. "संध्याकाळचा वर्ग थांबवावा, यावर सगळ्यांचं मन एक दिसतंय," तो म्हणाला.

गोरे बोलत असताना आपण उठलो की पाठ सोलून निघते, एवढं केझायाच्या शरीराला पाठ होतं. त्या शरीराला तिनं उभं केलं.

"माझं मन मानत नाही."

टाक थांबला. "सांग, केझाया."

"मुलांना शिकवाच. पण वाचू पाहिलं म्हणून आम्हाला फटके पडायला लागले, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. रांगेत आम्ही आधीपासून उभे आहोत."

"शिकवायला माणसं कुठून आणू?"

"मला जेवढं येतं तेवढं मी प्रिन्सला शिकवीन. धुण्याच्या खोलीत चूल पेटलेलीच असते, तिथं बसू. चुकलं तर टॅसीनं सांगावं, बस्स."

एलिहूनं टाक ठेवून दिला.

"आपलं एकमत नाही. वर्ग चालू राहील. आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं, ते माझं चुकलं."

"आमेन!" खिडकीबाहेरून प्रिन्स गरजला. त्या घरात इतका मोठा आवाज कधी झाला नव्हता. बाहेर अंगणात वर्गातल्या बायकांनी गाणं धरलं. क्वेकर गात नाहीत, म्हणून टॅसी ओठ घट्ट मिटून उभी होती, पण झग्याखाली तिचा पाय ठेका धरत होता.

मक्याची कणसं सोलायचे दिवस आले तेव्हा केझाया त्या पानाशी पोचली. धुण्याच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले होते. पाद्र्याच्या ओळी तिनं सावकाश वाचल्या. त्या सगळ्यांना पाठच होत्या. तो थांबायचा तिथं तिचं बोट आलं आणि पुढे सरकलं.

पुढची ओळ मालकांसाठी होती. तुम्हीही न्यायानं वागा, तुमच्याही वर स्वर्गात एक मालक आहे, असं तिथं लिहिलं होतं.

टॅसीनं होकारार्थी मान हलवली. वाचण्यात काही चुकलं नव्हतं.

"हे इथंच होतं?" प्रिन्सनं विचारलं. "इतकी वर्षं?"

"इथंच. त्याच्या बोटाखाली."

"परत वाच."

केझाया उठली. धुण्याच्या खोलीचं दार तिनं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सताड उघडलं, आणि ती ओळ पुन्हा वाचली.