दुपारी येणारा कॅल्विन

कॅल्विन दोहाला परत जाण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकून गेला होता. तिथे बसून तो डोंगरी गावातल्या घरचा कॉम्प्युटर चालवू शकायचा. मम्मीला फोटो उघडून दाखवायचा, काही अडलं तर दुरुस्त करायचा. त्यासाठी त्याने राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडं ठेवलं होतं आणि पासवर्ड ठेवला होता मम्मीचं नाव, पुढे एक-दोन-तीन.

डेझीला त्यातलं एवढंच कळायचं की पडद्यावरचा बाण आपोआप हलला म्हणजे पोरगा आला.

हल्ली तो दुपारी यायला लागला होता. फोटो मात्र दाखवायचा नाही. डेझी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायची आणि बोलत राहायची. त्याची बहीण स्टेफनी मीरा रोडच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून संध्याकाळी घरी आली की तिला सांगायची, "आज कॅल्विन आलेला. कामात हाय वाटतं, बोलला न्हाय."

रविवारी चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर स्टेफनी मासळी साफ करत होती. आतून मम्मीची हाक आली, "स्टेफी, बघ, आलाय!"

ती ओल्या हातांनीच दारात उभी राहिली. बाण झरझर फिरत होता. आधारकार्डं उघडली, मिटली. मग शेताचे कागद. मग तिच्या पगाराच्या स्लिपा. कॅल्विनला हे कशाला हवंय? तिने हात पुसले, फोन लावला.

"अरे, तू काय शोधतोयस?"

"कुठे? मी बसमध्ये आहे, ड्युटीवर चाललोय."

"कॉम्प्युटरवर तू नाहीयेस?"

"नाही गं. महिनाभर उघडलाच नाही मी." मग तो एकदम ओरडला, "वायर काढ! राउटरची वायर काढ आधी!"

तिने हिसका देऊन वायर उपटली. बाण जागच्या जागी थिजला.

दुपारभर कॅल्विन फोनच्या स्पीकरवरून सांगत गेला आणि ती करत गेली. पोर्ट बंद, सॉफ्टवेअर काढून टाकलं, बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले, सायबर पोलिसांकडे तक्रार टाकली. कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकेपर्यंत तो इंटरनेटला जोडायचा नाही, असं त्याने बजावलं.

"आपल्यालाच का धरलं?" तिने विचारलं.

"आपल्याला कोण ओळखतंय? ही लोकं जगभरची दारं ढकलत बसतात. आपलं उघडं होतं. चूक माझी आहे."

डेझी खुर्चीत बसून ऐकत होती. आता म्हणाली, "मग मी कोणाशी बोलत व्हते?"

तिने खुर्ची पडद्यापासून मागे सारली.

"मी त्याला सांगितलं, स्टेफी सांजेपर्यंत घरी नसते म्हणून. पप्पांच्या आजारपणाचं सांगितलं. ऐकलं असेल त्याने?"

"आवाज जात नाही त्यातून," कॅल्विन म्हणाला. मग हळूच, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'ने घर पोखरलं. डेझीने त्या खोलीचं दार ओढून घेतलं, पण दर थोड्या वेळाने उठून ते नीट लागलंय का ते बघून यायची. स्टेफनीने दवाखान्यात आठवडाभराची रजा टाकली. कागदांच्या नकला कुठे गेल्या असतील, हे पोलिसांनाही सांगता आलं नाही.

बुधवारी कॅल्विनचा व्हिडिओ कॉल आला. डेझीने आधी त्याला फोन फिरवून त्याची अख्खी खोली दाखवायला लावली, पलंगाखालीसुद्धा. त्यावर ती आणि तो दोघेही हसले नाहीत. मग ती ओटीवर जाऊन बसली आणि तोंडावर पदर धरून, अगदी दबक्या आवाजात त्याच्याशी बोलू लागली.