साक्षीदार बाई

"बाई, नुसती सही करा. तारीख दोन वर्षांपूर्वीची टाका," म्हणत सरांनी नवी करकरीत वही पुढे सरकवली. "उद्या पेटंटचे वकील येणार आहेत."

बाईंनी पेन उचललं नाही. विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं मदतनीस होत्या. संशोधकाने पान लिहायचं आणि प्रयोगात नसलेल्या माणसाने खाली 'वाचले, समजले' म्हणून सही करायची, हा पेटंटसाठीचा शिरस्ता बाईंच्या गळ्यात पडला होता. बाई खमक्या. समजेपर्यंत समोरच्याचं डोकं खायच्या, मगच टोपण काढायच्या.

जिचं पेटंट घ्यायचं होतं ती पाण्यातलं विष धरून ठेवणारी चाळणी सरांची नव्हतीच, त्यांच्या विद्यार्थिनीची होती. "अर्ज जाईपर्यंत एक ओळ छापायची नाही," असं सरांनी तिला बजावलं होतं. आधी छापलं की पेटंट हातचं जातं. पोरगी गप्प बसली आणि सहा महिन्यांपूर्वी तापाने गेली. तिचं नाव कुठेच छापून आलं नाही. ती गेल्यावर सरांनी तिची वही एकदा मागून घेतली आणि पानं आपल्या अक्षरात उतरवली होती.

"तिची वही माझ्या कपाटात आहे. तीच दाखवा की."

"त्यात शेवटची पायरी नाही, बाई. मलाही ती जमलेली नाही, अंदाजाने लिहिलीय."

पायरी होती. गेला महिनाभर बाई सकाळी कपाट उघडत, तेव्हा पोरीच्या वहीत एक पान जास्त भरलेलं असे. किल्ली एकच, तीही बाईंच्या कमरेला. अक्षर तिचंच, घाईचं, उजवीकडे कललेलं. पहिल्या दिवशी बाईंची बोबडी वळली. मग सवय झाली, मग ओढ लागली. एकदा समासात होतं, 'ताई, डोळ्यांत औषध घातलंत का?' बाईंना ताई म्हणणारी ती एकटीच. त्या दिवशी बाई पोटभर रडल्या.

सही मात्र त्यांनी एकाही पानावर केली नव्हती. सही झाली की पान पुरं होतं. काम पुरं झाल्यावर पोरगी कशाला येईल?

आज सकाळच्या पानावर शेवटची पायरी होती. तळाच्या 'साक्षीदार' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली होती.

बाईंनी वही आणून सरांपुढे उघडली. सर उभ्याने वाचू लागले, मग खुर्चीत बसले.

"हे पान मला आधी कसं दिसलं नाही?"

"तुम्ही वही पुन्हा मागितलीत कुठे?"

"यावर सही लागेल तुमची."

"करते की. पण अर्जावर पहिलं नाव तिचं. नाहीतर नाही."

सरांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि ते डोळ्यांपाशी नेलं. "शाई ओली आहे, बाई," ते हळूच म्हणाले.

"हो."

सरांनी बोट रुमालाला पुसलं. अर्ज ओढून पहिल्या ओळीत पोरीचं नाव लिहिलं.

बाईंनी महिन्याभराची पानं एकेक करून वाचली आणि प्रत्येकावर आजची तारीख टाकून सही केली. शेवटच्या पानाला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. कपाट उघडलं, वही काढली. पुढचं पान कोरं होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि ते कोरं पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.