पश्चिमवाहिनी

सकाळ झाली होती, पण उजेड अजून संकोचत होता. त्या दूरदेशीच्या उत्तर नगरात माघातला सूर्य उगवतो तो असाच, राखेआडच्या निखाऱ्यासारखा. भूर्जवृक्षांच्या रांगा शुभ्र, पुलाचे कठडे शुभ्र, आणि पुलाखालची नदी म्हणजे तर शुभ्रतेची परिसीमा. हिमबद्ध, निःशब्द, निश्चल. जणू कुणी दटावून एका जागी बसवलेली.

पण नदी कुठे बसते?

पुलावर शोभना उभी होती. शेहेचाळीस वर्षांची, दोन स्वेटरांवर एक कोट, पाठीला पिशवी. पिशवीत नागरिकत्वाचा अर्ज, आणि अर्जात एकच रकाना कोरा राहिलेला. नावाचा. पश्चिमतीरावरच्या कचेरीत आज जे नाव लिहून देईल, त्याच नावाने हा देश तिला जन्मभर हाक मारणार होता.

जन्माला आली तेव्हा ती तापी होती. तापीकाठच्या केळीच्या बागांत, हरितश्यामल सावलीत, बापाने लेकीचं तोंड पाहिलं, मग नदी पाहिली, आणि म्हणाला, "तापीच." बहुतेक नद्या मुकाट्याने उगवतीकडे जातात. ही मात्र हट्टाने मावळतीकडे निघालेली. पश्चिमवाहिनी. लेकही तशीच निघाली, हे पुढचं.

चोविसाव्या वर्षी चांदीच्या ताटात तांदूळ पसरले गेले. शुभ्र, अखंड, मंगल तांदूळ. सासूबाई म्हणाल्या, "नदीचं नाव नको गं बाई. नदी घरात ठरत नाही." माधवरावांनी अंगठीच्या कडेने त्या शुभ्रतेत कोरलं, शोभना. साखर वाटली गेली, ताट उचललं गेलं, अक्षरं दोन मिनिटांत विस्कटली. नाव मात्र बावीस वर्षं टिकलं.

शोभना म्हणजे शोभेची. तिथे शोभली, समुद्र ओलांडून इथल्या दिवाणखान्यातही शोभली. आणि दोन हिवाळ्यांपूर्वी, एका लख्ख दुपारी, एक पिशवी घेऊन दार ओढून निघाली. आता बेकरीत पाव भाजते. खोली इवलीशी आहे, पण किल्ली तिची आहे.

कोटाच्या खिशात फोन थरथरला. माधवराव.

"आपल्या लेकीकडून कळलं. तापी लावणार म्हणे? या वयात? अगं, लोक हसतील. तुझं नाव मी ठेवलंय!"

तिच्या उच्छ्वासाची वाफ क्षणभर हवेत तरंगली.

"नाव ठेवलंत एका दिवशी," ती म्हणाली, "आणि नावं ठेवलीत बावीस वर्षं. दोन्ही आता तुमच्याकडेच ठेवा."

शेजारी हिबो उभी होती. बेकरीतली सोबतीण, सोमालियाची, डोक्यावरून केशरी शाल, धूसर आसमंतातली एकुलती ज्वाला. दोघींना जोडणारी भाषा परकी आणि मोडकी, पण चालणारी.

"काय म्हणतो?"

"लग्नात त्याने मला नवं नाव दिलं होतं. तेच ठेव म्हणतो."

हिबोने भुवया उंचावल्या. "बरं. आणि तू त्याला कुठलं दिलंस?"

बावीस वर्षांत हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. ती हसली. आधी ओठांत, मग पोटातून, मग पुलाचा कठडा धरून. आणि हसता हसताच पायऱ्या उतरून नदीवर गेली.

केवढं विस्तीर्ण, केवढं अस्पर्शित ते हिमपात्र! कुणीतरी क्षितिजापर्यंत तांदूळ पसरून ठेवावेत तसं. फक्त अंगठी नव्हती, आणि ती हवीही कुणाला होती? उंबऱ्यावरचं माप ज्या उजव्या पायाने लवंडलं होतं, तोच पाय तिने बर्फात रोवला.

पावलापावलाने त वळला. काना सरळ उतरला. प झाला. मग दीर्घ वेलांटी, चांगली ऐसपैस, डौलाने वळसा घेतलेली. सगळ्यात शेवटी शिरोरेषा. पाय न उचलता, बर्फ कापत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मला वाचता येत नाही," वरून हिबो ओरडली, "पण केवढं मोठं आहे गं!"

"आहेच!"

वर येऊन तिने पिशवीतून अर्ज काढला. पेनातली शाई थिजली होती. तिला तोंडाची वाफ दिली, कठड्यावर कागद टेकवला, आणि कोऱ्या रकान्यात इथल्या लिपीत तेच नाव लिहिलं.

वारा सुटला. हिमकण उडाले, वेलांटीची कड ढासळली, शिरोरेषा पुसट होऊ लागली. तापीने वळून पाहिलं नाही. केशरी शालीच्या जोडीने ती पश्चिमतीराकडे चालत राहिली. आणि खाली, शुभ्र, स्तब्ध, निमूट दिसणाऱ्या त्या बर्फाच्या पोटाखाली, कुणालाही न विचारता, पाणी वाहत होतं.